घराबाहेरचे सलग चार तास : व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणीच्या प्रश्नाला उत्तर

फोंडा तालुक्यातील एका बावीस वर्षांच्या मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात तिच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. कमरेखालची संवेदना आणि हालचाल गेली, हात मात्र पूर्णपणे चांगले आहेत. बी. कॉम.चे शेवटचे वर्ष अर्धवट राहिले. उठवणे, आंघोळ घालणे, कपडे काढून देणे हे सगळे आई करते, खुर्ची वडील ढकलतात आणि संध्याकाळी तिला सोप्यावर कधी आणून बसवायचे ते भाऊ ठरवतो. घरचे जिवापाड जपतात, पण काहीच करू देत नाहीत. भेटायला येणारा प्रत्येकजण ‘सकारात्मक राहा’ असे सांगून जातो आणि ते ऐकले की तिला राग येतो. व्हीलचेअरवर भरभरून जगणे खरोखर शक्य असते, की ते केवळ सत्कार समारंभातील भाषणापुरते असते, असे ती विचारते. लग्नाचा विषय काढावा की काढू नये हेही कळत नाही, असे शेवटच्या ओळीत आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मणक्याला इजा झालेली माणसे रुग्णालयातून घरी आली की त्यापुढचे जगणे उभे करण्यात मदत करणे हे माझे काम असून, त्यानिमित्ताने गोव्यातील बरीच घरे मी उंबरठ्यापासून न्हाणीपर्यंत मोजपट्टी घेऊन पाहिली आहेत. तुम्हाला येणारा राग मला अगदी रास्त वाटतो. तुम्ही प्रश्न मनाविषयी विचारला आहे, परंतु तुमच्या दिनक्रमात तुम्ही स्वतः घेतलेला एकही निर्णय मला सापडला नाही. ज्या दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याच्या सोयीने ठरतो, त्या दिवशी आनंदी राहण्याचा सल्ला कोणालाही पाळता येणार नाही. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या तरुणांना मनःस्थितीबद्दल नंतर विचारते आणि पहिला प्रश्न वेगळाच करते : कोणाच्याही मदतीवाचून तुम्ही सलग किती तास घराबाहेर राहू शकता? बहुतेकांचे उत्तर ‘एकही नाही’ असे असते. मी चार तासांचे लक्ष्य ठेवते, कारण चार तासांत महाविद्यालयातील सकाळची सत्रे होतात, अर्धवेळ नोकरी होते, मैत्रिणीचे लग्न होते आणि जत्रेतले नाटक निदान मध्यंतरापर्यंत तरी पाहून होते.

हे किती लवकर साधेल, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. इजा मानेच्या मणक्यांत असेल आणि हातांची पकड गेली असेल, तर चार तासांचा अर्थच बदलतो. तिथे सोबतीला मदतनीस असणार हे गृहीत धरून, त्या मदतनिसाला सूचना कोणी द्यायच्या याचा विचार करावा लागतो. स्नायूंचा ऱ्हास हळूहळू वाढत जाणाऱ्या आजारात आज जमलेली गोष्ट पुढच्या वर्षी जमेलच असे नसते, त्यामुळे नियोजन वेगळे करावे लागते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना अचानक तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे आणि घाम येणे अशी लक्षणे दिसली तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. अशा वेळी ताठ बसवून, घट्ट कपडे सैल करून, लघवी तुंबली आहे का ते पाहून तातडीने डॉक्टर गाठावे लागतात. तुमची इजा खालच्या पातळीवरची आहे आणि हात भक्कम आहेत, म्हणून पुढचे सर्व तुम्हाला समोर ठेवून लिहिते.

चार तासांची मर्यादा सर्वांत आधी मूत्राशय ठरवते. समारंभात याबद्दल कोणी बोलत नाही, पण प्रत्यक्षात तरुण मुलगी घरात बसून राहते ती बहुतेक वेळा कपडे ओले होण्याच्या भीतीने. कायमची नळी आणि पिशवी असेल, तर ठरावीक वेळी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत, जिला सीआयसी म्हणतात, तुम्हाला चालेल का हे युरॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांना, विचारा. साधारणपणे दर चार ते सहा तासांनी ती करावी लागते आणि एका वेळी निघणारी लघवी पाचशे मिलिलिटरच्या आत राहावी असा हिशेब ठेवतात. सुरुवातीला आरसा लागतो, सवय झाली की स्पर्शाने जमते. ती आईने नव्हे, तुम्हीच शिकायची आहे. बाहेर जायचे म्हणून पाणी कमी पिणे ही आपल्याकडची फार वाईट सवय असून तिच्यामुळे जंतुसंसर्ग आणि खडे दोन्ही वाढतात. पाणी दिवसभरात विभागून प्या. शौचाची वेळही ठरवून घेता येते. खाल्ल्यानंतर आतड्यांची हालचाल नैसर्गिकरीत्या वाढते, म्हणून सकाळी चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने, रोज किंवा दिवसाआड, एकाच वेळी बसण्याचा क्रम काही आठवडे नेटाने पाळला की पुष्कळांचे शरीर त्या वेळेला सरावते.

दुसरी मर्यादा त्वचेची. संवेदना नसलेल्या जागेवर सलग भार राहिला की रक्तपुरवठा थांबतो आणि एक जखम तुम्हाला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवू शकते. चांगली उशी, म्हणजे जेलची किंवा हवेच्या कप्प्यांची, ही चैनीची वस्तू नाही. मध्ये भोक असलेली रबरी टायर-उशी मात्र वापरू नका, तिच्या कडेने दाब उलट वाढतो. दर पंधरा ते तीस मिनिटांनी छाती मांडीकडे नेत पुढे वाका आणि एक-दोन मिनिटे तसेच राहा. हातांवर शरीर उचलून धरण्यापेक्षा हे बरे, कारण तुमचे खांदे आता आयुष्यभर पायांचेही काम करणार आहेत. सकाळ-संध्याकाळ आरशात बैठकीची हाडे, माकडहाड आणि टाचा पाहा. लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसू नका. आपल्याकडच्या हवेत आणखी काही पथ्ये लागतात. पावसाळ्यात अर्धवट सुकलेले कपडे घालून दिवसभर बसू नका, एप्रिलच्या उन्हात तापलेल्या खुर्चीवर हात लावून पाहिल्याशिवाय बसू नका आणि गरम पेजेची वाटी मांडीवर ठेवून स्वयंपाकघरातून सोप्यावर येऊ नका. भाजलेले कळत नाही, आणि अशा जखमा मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आता खुर्ची. तुमच्या वर्णनावरून ती रुग्णालयात असते तशी दुमडणारी, रुंद, वीस किलोच्या आसपास वजनाची असावी. ती रुग्णाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्यासाठी बनवलेली असते आणि ढकलणारा माणूस तिथे गृहीतच धरलेला असतो. स्वतः चालवायची खुर्ची तुमच्या मापाने बनते. बैठकीची रुंदी कमरेच्या रुंदीपेक्षा जेमतेम जास्त, बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर, आणि पाठ खांद्याच्या पात्याच्या खाली संपणारी, म्हणजे हात मागे नेऊन चाकाला लांब रेटा देता येतो. मागच्या चाकांचा आस थोडा पुढे घेतला की खुर्ची हलकी चालते, पण मागे कलंडण्याचा संभव वाढतो. म्हणून सुरुवातीला मागे आधाराची छोटी चाके लावून घ्यावीत आणि दोन चाकांवर तोल सांभाळायला प्रशिक्षकाकडून शिकावे, कारण त्याशिवाय आपल्या रस्त्यांवरची गटाराची फरशी ओलांडता येत नाही. अशा मापाच्या खुर्च्या आता भारतातच बनतात. आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या निओमोशन या कंपनीची निओफ्लाय ही खुर्ची आणि तिला पुढून जोडायचे निओबोल्ट हे विजेवरचे वाहन मी काही जणांना वापरताना पाहिले आहे. जोडणी केली की ते ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंत जाते. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत अशी साधने मिळतात. मात्र योजनेतून येते ती खुर्ची डोळे झाकून घेऊ नका, आधी माप विचारा. खारी हवा आणि पाऊस यांनी बेअरिंग आणि तारा लवकर गंजतात, पण हवेच्या टायरचे पंक्चर गावातला सायकलवालाही काढून देतो, हा त्या टायरचा मोठा फायदा आहे.

घराबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण गोव्यातल्या जुन्या घरांची अडचण तिथेच असते. आपली जोती उंच. अंगणातून सोप्यावर चढायला पंधरा-पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या धरल्या, तर उंची पंचेचाळीस सेंटीमीटर होते. उताराचे मान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे एवढ्या उंचीला जवळजवळ साडेपाच मीटर लांबीचा उतार हवा. गवंडी हमखास दीड-दोन मीटरचा बांधून देतो, आणि त्या उतारावर तुम्हाला ढकलायला पुन्हा वडीलच लागतात! जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन उतार वळवता येतो. समोर तुळशीवृंदावन असेल तर स्वयंपाकघराच्या बाजूचे दार पाहा. जमीन चढाची असेल तर मागची पायरी पुष्कळदा एकच निघते. उताराला गुळगुळीत लादी किंवा उघडा चिरा नको, पहिल्याच पावसात शेवाळ धरते. आडव्या रेघा ओढलेला खडबडीत सिमेंट गिलावा करून वर पत्रा वाढवून घ्या, आणि हे काम मे महिन्याच्या आत उरका, नाहीतर चवथीपर्यंत तुम्ही घरातच अडकाल.

न्हाणीच्या बाबतीत दाराची रुंदी आधी मोजा. नव्वद सेंटीमीटर असेल तर उत्तम, पण जुन्या घरात ते क्वचितच मिळते. चौकट काढून सरकते दार लावले तरी काही सेंटीमीटर हाती लागतात. दार बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे, म्हणजे आत पडलात तर ते तुमच्या अंगाने अडकणार नाही. कमोडची उंची खुर्चीच्या बैठकीला जुळवा, बाजूला भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि आंघोळीसाठी पाठ असलेले स्टूल ठेवा. हा सारा खर्च पुष्कळ वेळा घरात नव्या टीव्हीसाठी केलेल्या खर्चाएवढाच असतो, तरी तो सर्वांत शेवटी होतो, कारण ‘आई आहे ना आंघोळ घालायला’. घर भाड्याचे असेल तर बांधकाम करता येत नाही. तिथे उचलून ठेवायचा पत्र्याचा उतार आणि चाके असलेली शौचाची खुर्ची यांवर भागवावे लागते.

शरीर, खुर्ची आणि घर एवढे जुळले की चार तासांतील तांत्रिक भाग संपतो. उरतो तो आईचा हात, आणि माझ्या अनुभवात तो सर्वांत अवघड असतो. ‘बाय, तू बस, मी करते’ या वाक्यात प्रेमही आहे आणि भीतीही. अपघाताच्या दिवशी आलेला फोन त्यांच्या मनातून गेलेला नसतो. त्यामुळे ‘मला स्वातंत्र्य द्या’ असे मोघम भांडण घालण्यात अर्थ नाही, त्यावर रडारड होते आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत चालते. एका वेळी एकच काम मागून घ्या आणि त्याला वेळ ठरवा. ‘पलंगावरून खुर्चीत मी स्वतः येणार, वीस मिनिटे लागतील, तोवर तू खोलीबाहेर थांब’ असे सांगितले की आईला काय करायचे ते कळते. ती दाराआड कान लावून उभी राहील. राहू द्या. पडणे आणि जमिनीवरून पुन्हा खुर्चीत येणे हे थेरपिस्टकडून गादीवर शिकून घ्या आणि एकदा आईवडिलांसमोर करून दाखवा. या एका प्रात्यक्षिकाने जेवढा धीर येतो तेवढा माझ्या बोलण्याने कधी आलेला नाही. वडिलांना सांगा की विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावायचा नाही. पाहुण्यांनाही हाच नियम. आणि आईलाही विचारा की दोन वर्षांपूर्वी ती दुपारी काय करत असे. बऱ्याच आयांचे भजनी मंडळ, शिवण, माहेरी जाणे हे सगळे मुलीच्या अपघाताबरोबर थांबलेले असते, आणि तिचा दिवस परत मिळाला की तुमचाही सुटतो.

घराबाहेर पहिल्यांदा कुठे जायचे? सहलीला नव्हे. मिरामारच्या किनाऱ्यावर जाऊन आइस्क्रीम खाऊन आल्याने एक संध्याकाळ जाते आणि पुन्हा महिनाभर घर. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अशा ठिकाणी जा जिथे तुमची वाट पाहिली जाईल : शिकवणी घेणे, नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टिंग करणे, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात नोंदी ठेवणे, काहीही. तुम्ही आला नाहीत तर कोणाचे तरी अडले पाहिजे. बी. कॉम. पूर्ण करणे हा यातला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर तो तळमजल्यावर आणण्याची विनंती प्राचार्यांकडे लेखी करा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने हा तुमचा अधिकार आहे, आणि दाद मिळाली नाही तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. याच कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा, चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र, लागते. नसेल तर हा अर्ज सर्वांत आधी करा. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक अर्थसाहाय्य मिळत असेल तर ते तुमच्या खात्यात येऊ द्या आणि एटीएम कार्ड तुमच्याच पर्समध्ये ठेवा. रक्कम छोटी असली तरी ती कशावर खर्च करायची हे तुम्ही ठरवले पाहिजे.

प्रवासाबद्दल भ्रमात ठेवत नाही. खाजगी मिनीबसच्या पायऱ्या तुम्हाला चढता येणार नाहीत. फेरीबोटीत खुर्चीसह जाता येते, पण ओहोटीला धक्क्याचा उतार लांब आणि निसरडा होतो, तिथे मदत मागण्यात कमीपणा मानू नका. गोव्यात स्वतःच्या वाहनाशिवाय तरुण माणसाचे चालत नाही हे धडधाकटांच्या बाबतीतही खरे आहे. बाजूला चाके लावलेली स्कूटर किंवा हाताने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर चालवता येणारी ऑटोमॅटिक मोटार, वाहतूक खात्यात फेरफाराची रीतसर नोंद आणि त्याच प्रकारचा परवाना, हा मार्ग खुला आहे. अपघातानंतर पुन्हा वाहन हाती घेण्याची भीती वाटली तर तीही स्वाभाविकच म्हणायची, घाई करू नका.

तुमच्यापेक्षा दहा वर्षे पुढे असलेला कोणीतरी शोधा. मला इथे पदकविजेत्यांची उदाहरणे देणे फारसे आवडत नाही. सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी १९६५ च्या युद्धात जखमी झाल्यावर उपचार म्हणून पोहणे सुरू केले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले हे मोठेच काम आहे. पण त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली, ही गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे. नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी अर्धांगवायू झाला. पुढे कोल्हापूरला त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली, आणि त्यांच्या प्रेरणेने आपल्या शेजारच्या कुडाळ तालुक्यात काजूप्रक्रियेचे काम सुरू झाले. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला आणि त्यानंतरही तो भरला आहे. मंचावरचे कार्यक्रम चांगलेच असतात, पण मला मोल वाटते ते मंडपाबाहेर खुर्च्या गोल करून चाललेल्या गप्पांचे : उशी कोणती घेतली, प्रवासात नळीचे काय करतोस, सासरच्यांनी काय म्हटले. थेरपिस्ट म्हणून मी जे सांगू शकत नाही ते तिथे मिळते.

एवढे करूनही वाईट दिवस येतील. राग, रडू, कोणाशी न बोलणे हे अधूनमधून येणे वेगळे. पण झोप आणि भूक उडणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो उपचाराचा विषय आहे. बांबोळीच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो.

आता लग्नाबद्दल. विषय काढायला हरकत नाही, आणि तो केवळ स्थळे पाहण्यापुरता ठेवू नका. मणक्याच्या इजेनंतर काही महिने पाळी थांबू शकते, पण ती बहुधा पूर्ववत होते आणि स्त्रीची गर्भधारणेची क्षमता त्यामुळे जात नाही. गर्भारपणात लघवीचा संसर्ग, त्वचेवरचा वाढता भार आणि प्रसूतीच्या कळा न कळणे यांकडे लक्ष द्यावे लागते, म्हणून आधीपासून देखरेख ठेवणारे डॉक्टर हवेत. शरीरसुखाबद्दलही प्रश्न असतात, संवेदना बदललेली असली तरी ते दार बंद झालेले नसते, आणि याबाबत माझ्याकडे येणाऱ्या मुली सर्वांत उशिरा, बहुतेकदा निघता निघता विचारतात. लग्न करायचेच असे नाही. न करण्याचा निर्णयही तुमचा असू शकतो, मात्र ‘आता हिचे कोण करणार’ असे म्हणून तो इतरांनी घेऊन टाकलेला नसावा. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ तुमच्या नावाने, तुमच्या फोनवरून घ्या, प्रश्न कागदावर लिहून न्या आणि आईला बाहेरच्या बाकावर थांबायला सांगा.